दगडी बांधाचं ऋण

मुखेड तालुक्यात बालाघाटच्या उतारावर आमचा तांडा आहे. तिथल्या चार एकर मुरमाड रानावर आमचं घर उभं राहिलं, ते माझ्या आजोबांमुळे. गोरबोलीत आजोबांना दादा म्हणतात. आज माझ्याजवळ जे आहे ते त्यांचं देणं आहे, हे कळायला मला फार उशीर लागला.

आम्ही लमाण. बैलांच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या लादून मुलूख तुडवणारी आमची जात. सडका झाल्या, रेल्वे आली. 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद गाडी नांदेडवरून धावू लागली. गोणीच्या बैलाला काम उरलं नाही. दादांचे वडील या माळावर थांबले. खालची काळी जमीन आधीच गावाची होती. आमच्या वाट्याला दगड आले.

ते दगड दादांनी आयुष्यभर वेचले. रोज पाटीभर वेचायचे आणि उताराला आडवे रचायचे. मोठा दगड तळाला, सपाट बाजू आत, फटीत चिपा, वरच्या अंगाला बारीक मुरूम. पाणी झिरपून जाई, माती अडून राही. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख दगडाखाली चेमटलं होतं, ते पुन्हा नीट आलंच नाही.

1972 च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. दादा खडी फोडायला जात आणि तिथे मिळालेली सुकडी धोतराच्या सोग्यात बांधून आणत. पुढे आईवडील ऊसतोडीला निघाले, तेव्हा मलाही नेणार होते. दादा आडवे आले. "पोरगं शाळेत जाईल," एवढंच म्हणाले. त्यांनी मला ठेवून घेतलं नसतं, तर माझ्याही हातात कोयताच आला असता.

परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात मला प्रवेश मिळाला, तेव्हा दादांनी मला पुसदजवळच्या गहुलीची गोष्ट सांगितली. चतुरसिंग नाईकांनी तिथे तांडा स्थिर केला, शेती धरली. त्यांचे नातू वसंतराव 1963 साली राज्याचे मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्याच काळात, 18 मे 1972 रोजी, हे विद्यापीठ उभं राहिलं. दादा सांगत होते; माझं लक्ष मात्र गाडीच्या वेळेकडे होतं.

1986 साली पदवी घेऊन परतलो. पहिलं काम काय केलं, तर बांध जागा खातात म्हणून वरचे दोन बांध मोडायला लावले. दादांनी एकदाच नको म्हटलं. मी पदवीच्या जोरावर त्यांचं ऐकलं नाही. त्याच पावसाळ्यात एका रात्रीच्या पावसाने वरच्या पट्टीतली वीतभर माती ओढ्यात गेली. सकाळी खाली पांढरा मुरूम उघडा पडला होता.

दादा रागावले नाहीत. पाटी घेऊन वाकले आणि दगड गोळा करू लागले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बेटा, आपले लोक चालायचे थांबले. माती थांबत नाही. तिला थांबवावं लागतं."

त्या दिवशी मी त्यांच्याकडून बांध रचायला शिकलो. पुढे कृषी सहायक म्हणून पाणलोटाच्या कामावर गावोगाव फिरलो. समपातळी बांधाची आखणी शेतकऱ्यांना समजावताना माझ्या तोंडून दादाच बोलत होते. लोक मला साहेब म्हणत, तेव्हा मला त्यांचा तो अंगठा आठवे.

2013 साली विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. ते पाहायला दादा नव्हते. गहुलीची गोष्ट तेव्हा मन लावून ऐकली असती, तर किती विचारता आलं असतं, याची रुखरुख आजही आहे.

मृग निघण्याआधी मी दरवर्षी तांड्यावर जातो. वर्षभरात ढासळलेले दगड पुन्हा जागेवर बसवतो, तळाला मोठा, फटीत चिप. दादांच्या हाताची सफाई मला अजून साधलेली नाही.