घोटाईची वेळ

गगनबावडा हे पंत अमात्य बावडेकरांच्या जहागिरीचे एके काळचे ठिकाण. तिथल्या किंवा कोल्हापूर शहरातल्या जुन्या वाड्यात श्रीमंती अंगावर येत नाही. ती खणाच्या मापात, खांबाच्या जाडीत आणि चुन्याच्या घोटीव भिंतीत मुरलेली असते. आंबा-फणसाला हात लावू नये, जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावले आहे. ज्या मुलखात लाकडाची ही किंमत होती, तिथल्या तुळईवर रंग फासणे कारागिराच्या जिवावर येते. काजळी काढून तेलाचा हात दिला की पुरते.

दुरुस्ती अडते ती भिंतीपाशी. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गगनबावड्यात चुना वाळत नाही, ही तक्रार अर्धीच खरी. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा दगड बनतो, आणि त्यासाठी त्याला थोडी ओल लागतेच. मात्र छिद्रे पाण्याने भरली तर हवा आत शिरत नाही, आणि उन्हाने घाईत ओढला तर तो तडकतो.

शेवटचा हात घोटायचा तो या दोहोंच्या मध्ये. घाई केली तर चुना घोटायच्या गोट्याबरोबर उठतो. उशीर झाला तर गोटा नुसता घसरतो, तकाकी येत नाही. बोटाचा ठसा उमटू नये, पण गारवा लागावा, एवढीच खूण. दाराजवळची भिंत आणि माजघरातली भिंत एकाच दिवशी ही खूण वेगवेगळ्या वेळी देतात. साठी उलटली की बोटांना हा गारवा नीट कळेनासा होतो. मग कारागीर मनगटाची आतली बाजू टेकवतो. कोणी पाहत नसेल तर गाल.

सिमेंटवाले दोन दिवसांत खोली मोकळी करून देतात. जुन्या भिंतीतली ओल त्या गिलाव्याआड कोंडते आणि लोणा फुटतो. चुन्यासारखी दिसणारी तयार पुडीही आता मिळते. तिला घोटावे लागत नाही आणि ते दिसतेच.

घोटीव भिंत नजरेत भरू नये, हा या कामाचा नेम. तरीही सर्वांत चांगला हात खिडकीसमोरच पडतो, जिथे संध्याकाळचा तिरपा उजेड येतो. मालकाने विचारले तर कारागीर सगळे श्रेय उजेडाला देतो, आणि त्याने विचारले नाही तर मनातून खट्टू होतो.

काम दिवाळीनंतर काढून शिमग्याच्या आत संपवतात. पहिला पावसाळा उलटेपर्यंत भिंतीला कपाट टेकवत नाहीत.