शाबास

शाबास हा शब्द फारशीतून आला. शाद म्हणजे आनंदी, बाश म्हणजे रहा. शाद बाश, सुखात रहा. मुळात किती चांगला शब्द! मराठीत येता येता त्यातलं सुख गळालं आणि पाठ थोपटणारा हात तेवढा उरला.

हात कुणाचा, पाठ कुणाची, हे बघा दोस्तहो. बाप लेकाला शाबास म्हणतो, लेक बापाला म्हणत नाही. गाडीवान चढ चढलेल्या बैलाला म्हणतो, शाब्बास रं माझ्या वाघा! आमच्या सूतगिरणीत रिंगखात्यातला जॉबर मला म्हणतो, डबल पाळी मारली की. मी मॅनेजरला एकदा म्हणून बघू का? दुसऱ्या दिवशी गेट बंद.

आणखी एक. शाबासला उत्तर नसतं. जय भीमला जय भीम आहे, देणारा-घेणारा एका उंचीवर. शाबास ऐकणाऱ्यानं काय म्हणायचं? मान खाली घालून हसायचं. पणज्याचा जोहार खालून वर जायचा, ही वरून खाली येते. जिना तोच.

कोरेगावचा स्तंभ आठवा. 1 जानेवारी 1818 ची लढाई. इंग्रजानं शाबासकी दगडात कोरली, त्यात शेवटी ‘नाक’ असलेली आपली नावं. आणि 1890 च्या दशकात त्याच इंग्रजानं महारांची लष्करभरती बंद केली. नावं दगडावर, नातवंडं उपाशी. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथं गेले ते हात जोडायला नव्हे. त्यांनी भरतीबंदीचा जाब विचारला.

आता माझं. एका संमेलनात कविता वाचली. अध्यक्षांनी पाठ थोपटली, ‘शाबास, गिरणीत राबून एवढं लिहितोस!’ कवितेत गावच्या विहिरीचा हिशेब मागितला होता. त्यावर अवाक्षर नाही. टाळ्या झाल्या, चहा झाला, हिशेब मिटला. शिवी दिली असती तर भांडता तरी आलं असतं.

माझी आय शाबास म्हणत नाही. तीच कविता ऐकून म्हणाली, ‘बरं हाय. पर पानी कोन वाढायचं वरनं, त्ये नाय लिवलं व्हय?’ ह्याला मी कौतुक म्हणतो. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहलच की.

रविवारच्या बैठकीत नवी कविता वाचणार आहे. शाबास म्हणू नका. कुठली ओळ पटली नाही ते तोंडावर विचारा, मी उत्तर द्यायला उभा आहे.