शनवाऱ्यातली रविवारची दौड

"रविवारी पहाटे सहाला शनवाऱ्यात जमायचे," असा निरोप आला तेव्हा काकूंनी विचारले, "शनवाऱ्यात रविवारी कसे गं?" बुऱ्हाणपुरात हा विनोद फार जुना. गावात इतवाराही आहे, त्यामुळे तो उलटा करूनही खपतो.

हे बुऱ्हाणपूर म्हणजे मध्य प्रदेशातले, तापीकाठचे. मुमताज महल १६३१ साली वारली ती इथेच. १७३१ मध्ये निजामुल्मुल्क आसफजाहने गावाभोवती तट बांधला, त्याचा एक दरवाजा शनवारा. आता इतिहासापेक्षा यंत्रमागांचा खडखडाटच जास्त ऐकू येतो. सुट्टीत घरी गेले होते. मैत्रिणींनी समितीत ओढले आणि कॉमर्सची म्हणून हिशेबाची वही माझ्या हाती दिली.

दौड जवळच्याच बागेत होती. पाच फेऱ्या, माणशी शंभर रुपये. उरेल तो पैसा मागकामगारांच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी. कल्पना समितीतल्या एकाने टेरी फॉक्सबद्दल वाचले त्यावरून निघाली. कर्करोगाने एक पाय गमावलेला हा कॅनडाचा तरुण १९८० मध्ये कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला. ५,३७३ किलोमीटर झाल्यावर रोग फुप्फुसात पोहोचला म्हणून त्याला थांबावे लागले, आणि पुढल्या वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो गेला. प्रत्येक देशबांधवाने एक डॉलर द्यावा एवढेच त्याचे मागणे होते. आपल्या धावण्यावर कोणी नफा कमवावा हे त्याला मंजूर नव्हते. ही शेवटची गोष्ट आमच्या समितीने बहुधा वाचली नसावी.

कारण सर्वात आधी ठरले ते टी-शर्ट. साऱ्या गावाचा संसार कापडावर, पण शर्ट आले तिरुपूरहून! ११२ जणांनी नावे दिली, म्हणजे ११,२०० रुपये जमले. शर्टांचे ८,४००, फलकाचे ६५०, ध्वनिक्षेपकाचे १,०००, केळी-पाण्याचे ७७०. शनिवारी रात्री मी तीन वेळा बेरीज-वजाबाकी केली. तिन्ही वेळा ३८० रुपयेच उरले. अध्यक्ष म्हणाले, "आकडा सांगू नकोस. 'निधी जमला' एवढे म्हण."

सकाळी मला बागेच्या मागच्या फाटकावर दोरी धरून उभे केले होते. धावणाऱ्यांच्या मध्ये कोणी येऊ नये म्हणून. सातच्या सुमारास फाटकाशी माणसे जमू लागली. रातपाळी सुटली होती. रोजचा त्यांचा जवळचा रस्ता बागेतूनच जातो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नव्हते. केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी लव, हातात रिकामे डबे. एक वयस्क गृहस्थ पुढे आले.

"बिटिया, रस्सी क्यों बाँधी है?"

मी सांगितले, दौड आहे.

"किसके लिए?"

आता काय सांगायचे? सांगितले. ते हसले, मला वाटते मनापासून हसले. मग विचारले, "कितना जमा हुआ?"

"हिसाब अभी बाकी है," मी म्हणाले.

हिशेब बाकी नव्हता. वही माझ्या काखेतच होती. त्यांनी मान डोलावली आणि मंडळी लांबच्या रस्त्याने, बागेला वळसा घालून गेली. मी दोरी खाली सोडू शकले असते. धावणारे क्षणभर थांबले असते, एवढेच. ते मला सुचले तेव्हा शेवटचा माणूस वळणापलीकडे गेला होता.

बक्षिसे झाल्यावर ध्वनिक्षेपक माझ्या हाती आला. मी आकडा वाचला: जमा ११,२००, खर्च १०,८२०, शिल्लक ३८०. टाळ्या पडल्या नाहीत. अध्यक्ष दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला त्यांचा रागही आला नाही. उन्हातान्हात घरोघर हिंडून नावे त्यांनीच गोळा केली होती.

पुढच्या आठवड्यात समितीतल्या सात जणांपैकी पाच जणांनी आपापल्या शर्टाचे पंचाहत्तर रुपये परत भरले. एकूण ७५५ झाले. त्यात वह्या आल्या, पुस्तके नाहीत.

पुढच्या वर्षी ज्याने-त्याने घरचाच सदरा घालून यावे, असे ठरले आहे. मागच्या फाटकाचे मात्र अजून काही ठरलेले नाही. पाळी सुटायच्या आत दौड उरकावी असे माझे म्हणणे. अध्यक्षांना वाटते, पहाटे पाचला कोणी येणार नाही.