तंबू लागायचा ते शेत

आमच्या न्हावा-शेव्याच्या पट्ट्यातल्या गावांत पक्कं थिएटर कधी उभंच राहिलं नाही. तरी माझ्या वयाची माणसं एकत्र बसली की सिनेमाचा विषय निघतोच. थिएटर नव्हतं तर सिनेमे बघितले कुठं, असं कुणी विचारील. दोन ठिकाणी. भात कापून झालं की आमच्या शेतात लागणाऱ्या तंबूत, नाहीतर खिशात चार पैसे असले तर मोऱ्याहून लाँच धरून भाऊच्या धक्क्यावर उतरायचं आणि मुंबईत. तंबू तर कधीच गेला. मुंबईतली थिएटरंही एकामागून एक गेली. त्यांच्याबद्दल चार गोष्टी लिहून ठेवाव्या म्हणून हा खटाटोप.

आमची जमीन खाऱ्या पट्ट्यातली, एकपिकी. पावसाळ्यात भात, मग आठ महिने मोकळी. समुद्राच्या बाजूला मातीचा बाहेरकाठा आणि पाणी सोडायला लाकडी झडपेची उघाडी. काठा शाबूत तर शेत शाबूत. दिवाळीनंतर कापणी उरकायची, भारे खळ्यावर जायचे आणि शेत वाळून टणक व्हायचं. मग तंबूवाला यायचा. आमचं शेत रस्त्याला लागून आणि सपाट, म्हणून तो बाबांकडेच जागा मागायचा. भाडं थोडं रोख आणि घरच्यांना रोज फुकट. या फुकटामुळं शाळेत माझा भाव चांगलाच वधारलेला असायचा.

तंबू म्हणजे चारी बाजूंनी कनात, मध्ये उंच खांब, एका टोकाला पडदा. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, मध्ये दोरी. खाली भाताचे धसकट पायाला टोचायचे, म्हणून जो तो घरून गोणपाट आणायचा. मागं मशीन. आत कार्बनच्या दोन कांड्या जळायच्या आणि त्या उजेडावर सिनेमा चालायचा. ऑपरेटर सगळा वेळ त्या कांड्या पुढं सारीत बसायचा, कारण त्या जळत जळत आखूड व्हायच्या. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, हे मला तिथंच कळलं. मुंबईच्या थिएटरात दोन मशिनं असायची, एकावरचं संपलं की दुसरं सुरू. तंबूत मशीन एकच. रीळ बदलेपर्यंत सगळे अंधारात बसून.

पण तो रिकामा वेळ गावाच्या फार कामाचा होता. आग्री, कोळी, कराडी, मिठागरावरचे मजूर, सगळे एका जागी बसलेले असायचे. एवढी माणसं दुसऱ्या कुठल्या ठिकाणी जमणार? तंबूवाला भोंगा द्यायचा आणि कुणीतरी उठून सांगायचं. अमक्याचा बैल हरवलाय. उद्या उघाडीची झडप बसवायची आहे, घरटी एक माणूस पाठवा. आमच्याकडं वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी पोचायचं, पण गावची बातमी रीळ बदलताना मिळायची.

'जय संतोषी माँ' १९७५ साली आला. आमच्या तंबूत पोचायला त्याला पुढं बराच काळ लागला आणि आला तेव्हा रिळावर पावसासारख्या रेघा उठलेल्या. तरी बाया चपला बाहेर काढून आत आल्या. माझ्या आईनं पडद्यापुढं नारळ ठेवला. आई आयुष्यात पक्क्या थिएटरात कधी गेली नाही. दिवसभर शेत, संध्याकाळी चूल. बाईमाणसानं रात्रीचं घराबाहेर पडून तीन तास नुसतं बसायचं, हे तिला वर्षातून फक्त त्या तंबूत मिळायचं.

एक रात्र मात्र कुणी विसरलेलं नाही. मी दहावी पास होऊन शेतीला लागलो होतो तेव्हाची. पौषातली अवस, उधाणाचे दिवस. भरती मध्यरात्रीच्या सुमाराला. साडेदहाला एक म्हातारा कोळी धावत आत आला आणि ओरडला, "काठ्याला खांड परली! पानी आत आलाय, फावरी घेऊन चला रं!" खारं पाणी एकदा शेतात बसलं की पुढची दोन-तीन वर्षं पीक हाती लागत नाही. अर्धा तंबू उठला. तंबूवाल्यानं मशीन बंद केलं, आपल्या पेट्रोमॅक्स बत्त्या काढल्या आणि सामान बांधायची पोती दिली. त्या पोत्यांत चिखल भरून आम्ही खांड बुजवली. गुडघाभर गार पाण्यात बाबा पुढं, आम्ही मागं. भरती पूर्ण चढायच्या आत काठा धरला. दुसऱ्या रात्री तंबूवाल्यानं उरलेला सिनेमा सगळ्यांना फुकट दाखवला. म्हणाला, "अर्धं तिकीट तुमचं शिल्लक आहे."

मुंबईला मी जायचो ते लालबागला, गिरणीत असलेल्या मामाकडं. भारतमाता तिथलंच, गिरणीच्या जागेवर उभं. मराठी सिनेमा लागायचा आणि पाळी सुटली की कामगार थेट आत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती गर्दी हळूहळू विरली. मामा दादा कोंडक्यांचा भक्त. 'सोंगाड्या' त्यानं १९७१ साली दादरच्या कोहिनूरला बघितलेला, तो त्याला अखेरपर्यंत पुरला. मामानंच मला गिरगाव फिरवून दाखवलं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला लोकांसाठी पहिल्यांदा लागला तो तिथल्या कॉरोनेशनला. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकला लागला. आज दोन्हींपैकी एकही उभं नाही.

ही थिएटरं का गेली, याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आलं, ऐंशीनंतर व्हिडिओ आला, मग केबल. पुढं मल्टिप्लेक्स निघाले आणि त्यांना करात सवलत मिळाली. जुन्या थिएटरच्या जागेचा भाव तिकिटाच्या गल्ल्यापेक्षा कितीतरी वर गेला. रिळं जाऊन सिनेमा डिजिटल झाला, त्या मशिनीचा खर्च लहान मालकाला झेपला नाही. गावच्या जत्रांत मात्र तंबू बरीच वर्षं तगून होते, साताऱ्याकडं पुसेगावच्या यात्रेत तर फार वर्षं लागायचे.

आमचा तंबू यातल्या कुठल्याच कारणानं गेला नाही. तो शेताबरोबर गेला. १९७० पासून नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात झाली, त्यात आमच्याही आल्या. पुढं बंदर ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या मागं माणसं रस्त्यावर उतरली. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचा निर्णय निघाला. त्या गर्दीत मी होतो. आजूबाजूला बघितलं तर सगळे चेहरे तंबूतले. आवाज दिल्यावर सगळ्यांनी एकदम उठायचं असतं, हे आम्हाला नवीन नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी दिवाळीनंतर तंबूवाला नेहमीसारखा आला होता. ओटीवर बसला, चहा घेतला, जागेचं विचारलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेत हाय, पन आपला नाय ऱ्हायला. तुला कनच्या तोंडानं देऊ?" तंबूवाल्यानं कप खाली ठेवला, आईला नमस्कार केला आणि गेला. पुन्हा आला नाही. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं. बाबांनी पुढं बरीच वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. पैशाचं बोलायचे ते कचेरीत. घरी बोलायचे ते काठ्याचं, की आता उधाणाला तिकडं कोण बघत असेल.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू झाला, जवळजवळ २२ किलोमीटरचा. त्याच दिवशी उरणची रेल्वेही सुरू झाली, न्हावा शेवा नावाचं स्टेशन झालं. लालबागला जायला आम्हाला अर्धा दिवस मोडायला लागायचा, आता गाडीनं शिवडीला उतरलो की आलंच. रस्ता झाला, याचं मला बरंच वाटतं, वाईट नाही. आजारी माणूस वेळेत मुंबईला पोचतो.

नात मला सीवूड्सच्या मॉलमध्ये सिनेमाला घेऊन गेली. खुर्ची मऊ, आवाज स्वच्छ, रीळ तुटायची भीती नाही. आत आम्ही बारा-पंधरा माणसं. मध्यंतरात जो तो मोबाईलमध्ये. शेजारी बसलेला माणूस कुठल्या गावचा, हे मला कळलं नाही आणि त्यालाही माझं कळलं नाही. नातीनं विचारलं, "आजोबा, कसा वाटला?" मी म्हटलं, "सिनेमा झकास होता." ते खरंच होतं.

तुमच्या गावात तंबू कुठं लागायचा, हे तुम्हाला आठवत असेल तर नातवंडांना एकदा त्या जागेवर नेऊन दाखवा. कुठं पडदा, कुठं मशीन, आजी कुठं बसायची. मला तेही करता येत नाही. आमच्या शेतात आता कंटेनर एकावर एक रचलेले आहेत आणि फाटकावर पासाशिवाय आत सोडत नाहीत.