हे तर जयंतीचे फोटो

"ताई, हे तर जयंतीचे फोटो आहेत. लग्नाचे कुठायत?"

अल्बम माझ्याच लग्नाचा होता. व्हिसाची कामं करणाऱ्या सल्लागाराच्या टेबलावर तो उघडा पडला होता. भिंतीवर अमेरिकेचा झेंडा, त्याच्या शेजारी गणपती. सल्लागारानं ज्या फोटोवर बोट ठेवलं होतं, त्यात मी पांढऱ्या साडीत उभी आहे. बाजूला नवरा, पांढरा सदरा. समोर टेबलावर तथागताची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या. बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देताहेत. माय आहे, मामा आहे, वस्तीतल्या बाया आहेत. अंतरपाट नाही, अक्षता नाहीत, घोडा नाही. फुलं आहेत.

"तुमच्यात फेरे नसतात का?" त्यानं विचारलं.

तुमच्यात. हा शब्द मला शाळेच्या पहिल्या दिवसापासून ओळखतो. तुमच्यात हे चालतं का, तुमच्यात ते खातात का. शब्द साधाच आहे. पण तो उच्चारला की मधे एक रेघ पडते आणि आपण रेघेच्या पलीकडं उभे असतो. मी म्हणलं, "नसतात." तो म्हणाला, "मग साहेबाला हे लग्न आहे हे कळणार कसं?"

दोस्तहो, गोष्ट इथून सुरू होते.

माझी सासू नागपूरची नर्स. नव्वदच्या दशकात परीक्षा देऊन ती अमेरिकेला गेली. मागोमाग नवरा आणि लहान पोरगं गेलं. पोरगं तिथंच वाढलं, तिथला नागरिक झालं. आपल्या माणसांत सोयरीक पाहिजे म्हणून सासू हट्ट धरून बसली, आणि नातेवाइकांच्या ओळखीतून आमचं जमलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये परभणीत लग्न लागलं. हुंडा नाही, मानपान नाही. तीन आठवड्यांनी नवरा गेला. मी राहिले. कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची, आणि रात्री फोनवर संसार करायचा.

बायकोला तिकडं नेण्याचा रस्ता लांब आहे. आधी नवऱ्यानं तिथल्या सरकारकडं आय-१३० नावाचा अर्ज करायचा, की ही बाई माझी बायको आहे. त्याची फी तेव्हा ५३५ डॉलर होती. म्हणजे चव्वेचाळीस हजारांच्या आसपास, माझ्या दोन महिन्यांच्या तासिका. तो मंजूर झाला की कागद तिथल्या व्हिसा केंद्राकडं जातात. तिथं आणखी ३२५ आणि १२० डॉलर. मग बायकोनं डीएस-२६० भरायचा. नवऱ्यानं आय-८६४ वर लिहून द्यायचं की हिला मी पोसीन, सरकारवर भार टाकणार नाही; त्याची कमाई तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी पाहिजे. मग पोलिसांचा दाखला, डॉक्टरी तपासणी, छातीचा एक्स-रे, लसी, बोटांचे ठसे. शेवटी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत.

ह्या सगळ्या कागदांच्या बुडाशी प्रश्न एकच असतो. लग्न खरं आहे का? प्रश्न रास्त आहे. खोटी लग्नं लावून माणसं नेणारे असतातच. म्हणून फोटो मागतात, फोनच्या नोंदी मागतात, विमानाची तिकिटं मागतात. पण खरं लग्न दिसतं कसं, हे कोण ठरवणार?

सल्लागारानं ते ठरवून टाकलं होतं. म्हणाला, "नवरा सुट्टीवर आला की दोन तासांचा हॉल घ्या. भटजी मी देतो, फोटोग्राफर मी देतो. हळद, मेंदी, मंगळसूत्र, सप्तपदी. शालू नेसा. एका दुपारचं काम. साहेबाला लग्न दिसलं पाहिजे."

म्हणजे खरं लग्न खरं ठरवायला खोटं लग्न लावायचं. तो वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. चहा पाजला त्यानं. त्याला खरोखर माझी काळजी वाटत होती. माझं लग्न त्याला दिसत नव्हतं, एवढंच.

मी तिथंच नाही म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हणाले. "विचार करते" म्हणून उठले. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

रात्री सासूला सांगितलं. ती म्हणाली, "करून टाक गं. कागदच आहे. मी इथल्या मराठी लोकांच्या गणपतीला इतकी वर्षं जाते. आडनाव विचारलं की नवऱ्याचं नाव सांगते आणि विषय बदलते. कुणाचं काय गेलं?" नवरा म्हणाला, "तुला पटेल ते कर." हे वाक्य प्रेमाचं असतं, पण ओझं आपल्याच डोक्यावर ठेवून जातं.

मग मायला सांगितलं. माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"तुझ्या आज्यानं धम्म घेतला तवा घरातले देवाचे टाक दुधनंत सोडले. गावानं तीन महिने पानी बंद केलं. कोसभरावून घागरी आनल्या तुझ्या आजीनं. आन तू आता फोटूसाटी भटजी आनतीस व्हय?"

मी म्हणलं, "माय, फोटोच तर आहे."

"टाक बी इवलाले हुते," माय म्हणाली.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यात एक ही आहे की ब्राह्मणाच्या हातून कोणतंही क्रियाकर्म करून घेणार नाही. मला त्या बाविसाच्या बावीस पाठ आहेत. मायला चार येतात. पण चार पाळणारीला बावीस म्हणणारीपेक्षा जास्त कळत होतं.

त्याच दिवसांत जन्माच्या दाखल्याचं लचांड उभं राहिलं. मी घरीच जन्मले, वस्तीत, सुईणीच्या हातावर. ग्रामपंचायतीच्या वहीत माझी नोंदच नाही. म्हणून 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यायचा आणि वडीलधाऱ्या दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. शाळेच्या दाखल्यावर तारीख १ जून १९९४. आमच्या वर्गात अकरा जणांचा वाढदिवस १ जूनला होता. गुरुजींनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. मायला विचारलं तर ती म्हणाली, "संक्रांतीला विद्यापीठाला बाबासायबाचं नाव लागलं तवा तू पोटात हुतीस. आन पोळ्याच्या आदी झालीस." नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. तिचा हिशोब चोख होता. वकिलानं १ जून वाचून दाखवला तशी ती म्हणाली, "मी बाळंत झाले तवा मास्तर हुता का तितं?" शेवटी 'शाळेच्या नोंदीप्रमाणे' असे दोन शब्द घालून घेतले, तेव्हा तिनं अंगठा दिला. दोन शब्दांसाठी ती वकिलाच्या खोलीत तासभर बसून राहिली होती. अन् मी सल्लागाराच्या खोलीतून 'विचार करते' म्हणून उठले होते.

डीएस-२६० मध्ये एक रकाना आहे: तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा टोळीचे आहात का? हो किंवा नाही. मी बराच वेळ त्या रकान्याकडं बघत राहिले. जात पडताळणीच्या वेळी मला उलटं सिद्ध करावं लागलं होतं. १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून आमचं घर महारच होतं, ह्याचा पुरावा. मराठवाडा तेव्हा निजामात. जुने कागद उर्दूत. वाचणारा शोधा, त्याच्याकडून तर्जुमा करून घ्या, तहसीलच्या पायऱ्या झिजवा. त्या कागदासाठी मी महार असल्याचा पुरावा, ह्या कागदासाठी मी बायको असल्याचा पुरावा. आमच्या माणसाचं जगणं पुरेसं नसतं. शिक्का लागतो. रकान्यात मी 'नाही' लिहिलं.

वाट बघायच्या महिन्यांत मी वाचत होते. आपलं दुःख पहिलंच आहे असं वाटायला लागलं की वाचावं. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका ३५ वर्षांच्या भारतीय बाईची कौमार्य तपासणी केली होती. ती खरंच कुमारी वधू आहे का, हे तिच्या शरीरातून वाचून बघितलं. आणि ही तपासणी इकडच्या त्यांच्या कचेऱ्यांतसुद्धा झाली होती. ऐंशीच्या दशकात तिथं नियम होता की लग्नाचा मुख्य हेतू इंग्लंडात शिरणं हा नाही, हे नवरा-बायकोनंच सिद्ध करायचं. नसलेली गोष्ट सिद्ध करायची! तो नियम गेला १९९७ साली.

अमेरिकेचं दारही आपल्याला सदा उघडं नव्हतं. १९१७ च्या कायद्यानं त्यांनी हिंदुस्थानसकट आशियाचा मोठा पट्टा बंद केला. १९४६ साली दार किलकिलं केलं ते वर्षाला १०० माणसांपुरतं. देश बघून माणसं मोजायची ती रीत मोडली १९६५ च्या कायद्यानं, तिथल्या काळ्या माणसांच्या लढ्याच्या लाटेत. आज नागरिकाच्या बायकोला संख्येची मर्यादा नाही. म्हणजे माझ्या व्हिसात त्या लोकांचा घाम आहे. हे सल्लागाराच्या भिंतीवर कुठं लिहिलेलं नव्हतं.

मी सल्लागाराकडं परत गेले नाही. अल्बम तसाच ठेवला. एका कोऱ्या कागदावर लिहिलं की आम्ही बौद्ध आहोत आणि आमचं लग्न असंच लागतं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा असला तरी तो बौद्धांनाही लागू आहे, आणि सप्तपदी ज्यांच्या रीतीत आहे त्यांच्यासाठीच ती आवश्यक आहे. विवाह नोंदणीच्या अर्जावर पुरोहिताचा रकाना असतो. तिथं आमच्या बौद्धाचार्यांची सही आहे. तीन साक्षीदारांच्या सह्या आहेत. मग एकेका फोटोखाली लिहिलं: ही माय, हा मामा, ह्या बाईनं माझी नाळ कापली. नवरा मधे दोनदा येऊन गेला त्याची तिकिटं लावली. शालू नाही, भटजी नाही. भीती होती. नाकारलं तर नवऱ्याला काय सांगू, हा विचार रोज रात्री यायचा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुलाखत झाली. पहाटेची रेल्वे, मुंबईची गर्दी, फोन बाहेर ठेवायचा, फाइल छातीशी. माझ्या पुढं नवी नवरी होती, कोपरापर्यंत मेंदी, हिरवा चुडा. मला वाटलं, हिचं तर उभ्या उभ्या होईल. माझे हात मोकळे.

काचेपलीकडं तरुण बाई होती. उजवा हात वर करून खरं सांगीन अशी शपथ घ्यायला लावली. कसे भेटलात, नवरा काय करतो, लग्नाला कोण कोण होतं. मग तिनं तोच फोटो उचलला आणि तसबिरीवर बोट ठेवलं. निळा कोट, चष्मा.

"हे कोण? वडील?"

माझ्या मनात पुष्कळ होतं. तोंडात आलं तेवढं सांगितलं. म्हणलं, हे डॉक्टर आंबेडकर. १९१३ साली तुमच्याच देशात, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले होते. आमची लग्नं त्यांच्यासमोर लागतात. तिनं मान डोलावली, काहीतरी टाइप केलं, आणखी दोन प्रश्न विचारले आणि व्हिसा मंजूर झाल्याचं सांगितलं. सगळं मिळून दहा मिनिटं. ज्या फोटोसाठी मी महिनोन् महिने झोपले नव्हते, त्याला तिनं लग्नाचाच फोटो म्हणून बघितलं. डर आमच्या दोघांच्या खोलीतला होता, सल्लागाराच्या आणि माझ्या.

बाहेर आल्यावर रमाईची आठवण आली. १९१३ ला बाबासाहेब बोटीत बसले तेव्हा कडेवरच्या यशवंतला घेऊन ती मागेच राहिली. तिला कुणी पुरावा मागितला नाही. तिच्या जाण्याचा प्रश्नच कुणापुढं नव्हता. गरिबीनं तिचा अर्ज न भरताच नाकारला होता.

जानेवारी २०२५ मध्ये मी आले. तेव्हा लग्नाला दोन वर्षं पुरी झाली नव्हती, म्हणून कार्डही मिळालं ते दोन वर्षांचंच. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा आणि लग्न अजून खरं आहे हे पुन्हा दाखवायचं.

आणि जात? तिला मुलाखत द्यावी लागली नाही. ती माझ्या आधीच इथं पोचली होती. आमचं लग्न झालं त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सिॲटल शहराला जातीवरून भेदभाव करायला बंदी घालावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातलं तसलंच विधेयक तिथल्या राज्यपालांनी सही न करता परत पाठवलं. इथल्या मराठी बायांनी पहिल्याच भेटीत मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. एक जण म्हणाली, "अच्छा, तुमच्यात..."

१४ एप्रिलला आम्ही एका भाड्याच्या हॉलमध्ये जयंती केली. पंचवीसेक माणसं होती. नाव सांगायची वेळ आली तशी सासू उभी राहिली आणि तिनं आडनावासकट नाव सांगितलं. आवाज कापत होता. नवऱ्यानं आमचा तिघांचा फोटो काढून घेतला, मागं निळी तसबीर.

पुढच्या अर्जाला तो लावणार आहे. आता खरोखर जयंतीचाच फोटो आहे.