जुनी तबकडी, नवी प्रत

दांडी, जि. पालघर
श्रावण

चि. सुहास यास,

रीमास्टर म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाची नवी प्रत काढण्यापूर्वी त्यावर केलेले संस्करण. गाणे पुन्हा गायले जात नाही, साथीदार पुन्हा बसत नाहीत. जे एकदा मुद्रित झाले, त्याचा वेग, त्यातल्या खर्ज-तार स्वरांचा तोल, खरखर आणि एकूण जोर यांबद्दल तंत्रज्ञ निर्णय घेतो आणि त्याप्रमाणे प्रत निघते. म्हणूनच एकच अभंग एलपीवर, कॅसेटवर, सीडीवर आणि मोबाइलवर चार तऱ्हांनी ऐकू येतो. कोणती प्रत चांगली यावर संग्राहक हिरिरीने भांडतात तेव्हा वाद गायकाचा नसतो. गायक आणि श्रोता यांच्या मधे कोणी किती हात चालवला, याचा असतो.

प्रत पारखताना पहिला प्रश्न मूळ साधनाचा. भारतात ध्वनिमुद्रणाचा धंदा 1902 साली सुरू झाला. ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्गने त्या वर्षी कलकत्त्यात गायिका गौहर जानची गाणी मुद्रित केली. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबून परत यायच्या. 1908 साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि पुढे तो दमदमला गेला. मेणाच्या चकतीवर खाच कोरायची, तिच्यावरून धातूचा उलटा साचा काढायचा, त्यावरून सुलटा आणि सुलट्यावरून दाबणीचा उलटा, अशी ही साखळी होती. 1925च्या सुमारास मायक्रोफोन येईपर्यंत गायक भोंग्यासमोर तोंड करून गात असे. भोंग्याच्या मुद्रणात साधारण 250 ते 2,500 हर्ट्‌झपर्यंतचाच आवाज नीट उतरे. त्याच्या वरचे आणि खालचे आज कोणत्याही यंत्रातून काढता येत नाही. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

धातूचे बरेचसे साचे काळाच्या ओघात नाहीसे झाले. त्यामुळे बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, अब्दुल करीम खाँ यांच्या काळातले पुनर्मुद्रण पुष्कळदा कोणाच्या तरी घरात टिकलेल्या लाखेच्या तबकडीवरूनच करावे लागते. येथे संग्राहक नुसता गिऱ्हाईक राहत नाही, तो कंपनीचा पुरवठादार होतो. मुंबईत 1990 साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी राहिली. जुन्या तबकड्यांची नोंद ठेवणे, त्या एकत्र बसून ऐकणे आणि त्यांच्याविषयी लिहिणे हे काम तिच्यामुळे शिस्तीने होऊ लागले.

मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या, म्हणजे 78च्या, एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटे मावत. नाटकात ‘वन्स मोअर’ घेत रंगणारे पद असो की तासभर चालणारा ख्याल, सगळे तेवढ्यात बसवावे लागे. केसरबाई केरकरांची भैरवीतली जी ध्वनिमुद्रिका 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीत गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच आहे. जागा इतकी आखडती असल्याने गायक पहिल्या सेकंदापासून मुद्द्यावर येई. संस्करण करणाऱ्याने सुरुवातीचा तंबोरा कापला किंवा शेवटचा स्वर हळूहळू मिटवून टाकला, तर अशा मुद्रिकेत फार मोठा हिस्सा जातो.

दुसरा प्रश्न वेगाचा. ‘78’ हा आकडा पुढे रूढ झाला. सुरुवातीच्या तबकड्या मिनिटाला 74 ते 82 फेऱ्या अशा कोणत्याही गतीने कोरलेल्या सापडतात. 74 फेऱ्यांवर कोरलेली तबकडी 78 वर लावली की आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि पांढरी एकमध्ये गाणारा गायक काळी एकच्या उंबऱ्यावर येतो. तीन मिनिटांची चीज नऊ सेकंद आधी संपते. ताना आहेत त्याहून चपळ वाटतात, आवाज बारीक आणि पोरकट होतो. गायकाची नेहमीची पट्टी ठाऊक असलेला पेटीवाला शेजारी बसला, तर ही चूक पाच मिनिटांत पकडली जाते. पन्नास सायकलच्या विजेच्या दिव्याखाली 77 रेघांची स्ट्रोबची चकती थबकल्यासारखी दिसली म्हणजे थाळी 78 वर फिरते आहे. मात्र ही खूण यंत्राचा वेग सांगते, कोरणीचा सांगत नाही. तो कानानेच ठरवावा लागतो.

वेगासारखीच सुईचीही बाब. 78ची खाच रुंद असते. तिला सुमारे तीन हजारांश इंच टोकाची सुई लागते. एलपीची सुई एक हजारांश किंवा त्याहून बारीक. एलपीची सुई 78वर लावली की ती खाचेच्या तळाशी जाऊन साचलेली धूळ वाजवते. त्या प्रतीवर मग कितीही सफाई केली तरी गाणे दबलेलेच राहते. शिवाय 1954च्या आसपास आरआयएए हे प्रमाण रूढ होण्यापूर्वी प्रत्येक कंपनी खर्ज किती कमी आणि तार किती जास्त कोरायचे हे आपापल्या मताने ठरवी. ते उलटवताना चूक झाली, तर आवाज भांड्यात तोंड घालून गायल्यासारखा येतो.

तिसरा प्रश्न खरखरीचा, आणि हिंदुस्थानी संगीतात तोच सर्वांत नाजूक. लाखेच्या तबकडीत लाख थोडी आणि दगडाची भुकटी, काजळी, कापसाचा बारीक तंतू जास्त. सुई घासून खाचेत बसावी म्हणून ती भुकटी मुद्दाम घातलेली असे. तिचीच खरखर ऐकू येते. टिक-टिक असे सुटे आवाज काढणे तुलनेने सोपे आहे. तेवढा क्षण कापून शेजारच्या ध्वनीवरून तो भरता येतो. सततची खरखर काढताना यंत्राला आधी नुसत्या खरखरीचा नमुना द्यावा लागतो आणि त्या नमुन्यात जे सापडेल ते यंत्र सगळीकडून वजा करते. पाश्चात्त्य गाण्यात वाद्ये थांबतात, शांतता मिळते. आपल्याकडे तंबोरा थांबतच नाही. मैफलीच्या टेपवरून घेतलेल्या नमुन्यात तंबोरा हटकून येतो आणि यंत्र त्यालाही कचरा समजते.

परिणाम ऐकायचा असेल, तर गायकाच्या पहिल्या षड्जाआधीच्या चार-पाच सेकंदांकडे कान द्यावा. मूळ तबकडीत खरखरीच्या पडद्यामागे जवारी दिसते. तार छेडल्यावर स्वर उमलतो, त्यातून वरचे स्वर एकेक करून सुटतात आणि पुढची तार येईपर्यंत मिटत नाहीत. अतिसफाई झालेल्या प्रतीत पाठीमागे काळोख असतो आणि तार छेडल्याचा फक्त ठोका उरतो. मधला झंकार पाण्याखालून आल्यासारखा हलतो. पुढे गायकाच्या ‘स’, ‘श’ची धार बोथट होते, पेटीच्या भात्याचा श्वास जातो, तबल्याची किनार लाकडी वाटते. नवख्याला ही प्रत ‘क्लीन’ वाटते आणि जुन्या श्रोत्याला गायक खोलीत एकटा पडल्यासारखा. पालघर-डहाणू-जव्हारकडच्या तारप्याचे मुद्रण साफ करतानाही हाच धोका असतो. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा कर्णा यांतून न तुटणाऱ्या श्वासाचा घुमता स्वर निघतो. एकसारखा असल्यामुळे तो यंत्राला गोंगाटासारखाच भासतो.

काढण्याइतकीच भर घालण्याचीही खोड जुनी आहे. एका भोंग्याच्या, म्हणजे मोनो, मुद्रणाला कृत्रिम रीतीने डावी-उजवी बाजू देण्याची पद्धत एलपीच्या काळात जगभर होती. ऐंशीच्या दशकात कॅसेटचा सुळसुळाट झाला तेव्हा जुन्या चित्रपटगीतांवर नवा ताल चढवून ‘झंकार बीट्स’ विकले गेले. एचएमव्हीने ‘रिव्हायव्हल’ नावाची मालिकाही काढली. सीडीवर आवाजाचा पल्ला सुमारे 96 डेसिबलचा, म्हणजे एलपीपेक्षा कितीतरी मोठा. तरीही नव्वदच्या दशकापासून तो पल्ला वापरण्याऐवजी सगळेच मोठ्याने वाजवण्याची चढाओढ लागली. हळू भाग वर ओढायचा आणि मोठा भाग छाटायचा. 2008 साली मेटॅलिका या रॉक बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमवर याच कारणाने चाहत्यांनी तक्रार केली, कारण व्हिडिओ गेमसाठी दिलेली त्याच गाण्यांची प्रत त्यांना सीडीपेक्षा मोकळी वाटली. ख्यालात ही छाटणी जास्त बोचते, कारण बुजऱ्या आलापापासून भरलेल्या तानेपर्यंतची चढण हाच त्याचा आकार असतो.

चौथा प्रश्न ओळखीचा. हातातली प्रत नक्की कशाची आहे? ‘गीतरामायण’ 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर सुरू झाले. छप्पन्न गीते, आणि त्यांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे अनेक आवाज होते. घरोघर पोचलेल्या रेकॉर्डी मात्र सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातल्या. नाव एक, मुद्रणे वेगळी. अशा वेळी ‘जुने चांगले की नवे’ ही तुलनाच फिजूल ठरते. भारतीय एलपीवर क्रमांकाची आद्याक्षरे मदतीला येतात. ईएएलपी, ईसीएलपी ही मोनोची आणि ईएएसडी, ईसीएसडी ही स्टिरिओची. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यावर कोरलेला क्रमांक तिरप्या उजेडात वाचावा. कव्हर बदलते, लेबल बदलते. दाबणी कोणत्या साच्याची हे कडे सांगते.

वेष्टणावरच्या शब्दांवर मात्र भिस्त ठेवू नये. ‘डिजिटली रीमास्टर्ड’ एवढ्याने मूळ टेप वापरली की जुनी एलपी वाजवून उतरवली हे कळत नाही. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही नावाजलेली कंपनी. तिच्या महागड्या एलपी संपूर्ण ॲनालॉग असल्याचा गिऱ्हाइकांचा समज होता. मधे डिजिटल टप्पा असल्याचे 2022 साली उघड झाले. गंमत अशी की तोवर त्याच रेकॉर्डी कानाने उत्तम ठरवलेल्या होत्या. म्हणजे डिजिटल टप्पा स्वतः दोषी नव्हता, तो लपवणे भरवशाला मारक ठरले.

दोन प्रती ताडून पाहायची रीत साधी आहे. दोन्हींचा आवाज आधी सारखा करावा, कारण किंचित मोठी प्रत कानाला नेहमीच सरस वाटते. तोच अर्ध्या-पाऊण मिनिटाचा तुकडा आलटून-पालटून लावावा. तंबोरा, ‘स’कार, डग्ग्याची घुमक, तार षड्जावरचा आवाज, याच क्रमाने ऐकावे. कोणती प्रत लागली आहे हे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी न सांगता बदलावे. शेवटी अख्खी बाजू ऐकावी. पहिल्या मिनिटाला झगझगीत वाटलेली प्रत विसाव्या मिनिटाला कान शिणवते.

समुद्रकाठच्या गावांत प्रत सांभाळणे हाही आवाजाचाच भाग आहे. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते आणि ती खाचेत उतरते. रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, आतली कागदी पिशवी बदलावी, कपाट भिंतीपासून सोडावे. धुवायला डिस्टिल्ड पाणी घ्यावे. मचूळ पाण्यातले क्षार खाचेत बसतात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये, लाख त्यात विरघळते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपा दमट हवेने चिकट होतात. त्या तशाच वाजवल्या, तर वरचा थर निघून येतो. जाणकार त्या पन्नास-पंचावन्न अंशांच्या कोरड्या उष्णतेत काही तास ठेवून एकदाच उतरवून घेतात. घरच्या ओव्हनमध्ये तो प्रयोग करू नये.

खरेदीचा हिशेब यावरून निघतो. एलपीच्या काळातले गाणे असेल आणि पहिली दाबणी बिनओरखड्याची मिळत असेल, तर ती घ्यावी. ती घासलेली असेल, तर मूळ टेपवरून काढलेली सीडी जास्त प्रामाणिक असते. 78च्या काळातल्या गाण्याला, वेग तपासून थोडी खरखर तशीच ठेवलेले संकलन सर्वांत उपयोगी. नवी जाड एलपी कव्हरासाठी घ्यायला हरकत नाही. आवाजासाठी घ्यायची तर आधी ऐकून. 2013 पासून डहाणू रोडपर्यंत मुंबईची लोकल आल्यामुळे बोईसरकरांना जुन्या रेकॉर्डींसाठी ग्रँट रोडला उतरून चोरबाजारात मटन स्ट्रीटला जाणे सोपे झाले आहे. तेथे रेकॉर्ड कव्हराबाहेर काढून उजेडात धरू देणाऱ्याकडूनच सौदा करावा.

तुझ्याकडच्या अभंगांच्या दोन एलपींपैकी जिच्यात गाणे सुरू होण्याआधीचा तंबोरा पुरा आहे, ती ठेव. दुसरी देऊन टाकायला हरकत नाही.

तुझा,
मामा