हळू धरलेला ब्रेक

गाडी पळताना ब्रेक चोख लागायचा. कुंभार्ली घाट उतरतानाही त्याने कधी दगा दिला नव्हता. तक्रार होती ती उभ्या गाडीची. बहादूरशेख नाक्यावर गाड्या तुंबल्या, की पाय ब्रेकवर नुसता टेकवून आपण थांबतो. तेवढ्यात पेडल पायाखालून सावकाश खाली सरकायला लागायचं. दचकून पाय उचलून पुन्हा दाबला, की पेडल वर, जागच्या जागी.

चिपळुणातल्याच एका गॅरेजमध्ये दाखवलं. तिथल्या मुलाने सीटवर बसून दोनदा दणकून ब्रेक मारला आणि म्हणाला, "एक नंबर आहे सर, काही झालेलं नाही." मी हटून बसलो तेव्हा चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून दिली. फरक शून्य. मला मात्र त्याचा राग आला नाही. त्याला ब्रेक खरोखरच पक्का लागला होता, आणि खोच तिथेच होती, हे मला नंतर कळलं.

मग गेलो एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिककाकांकडे. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. "मऊ लागतं, की नुसतं खोल जातं? पंप केल्यावर वर येतं का? घाट उतरल्यावरच होतं, की सकाळी थंड गाडीलाही?"

हे प्रश्न वरवरचे नव्हते. पेडल स्पंजासारखं दबत असेल आणि पंप केल्यावर घट्ट होत असेल, तर पाइपात हवा. पहिल्या दाबाला खोल, दुसऱ्या दाबाला उंच आणि कडक, तर बहुधा मागच्या ड्रममधले शू झिजलेत किंवा ॲडजस्टमेंट ढिली झालीय. फक्त लांब उतारानंतर मऊ आणि गाडी थंड झाल्यावर ठीक, तर तेल उकळतंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ३ जातीचं तेल कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची हीच मर्यादा २३० वरून १५५ वर उतरते. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; तेल दर दोन वर्षांनी बदलायचं म्हणतात ते आमच्यासाठी जास्तच खरं.

माझं उत्तर यातल्या कशातच बसत नव्हतं. थंड गाडीलाही होतं, मऊ लागत नव्हतं, आणि टाकीतल्या तेलाची पातळी तसूभरही उतरली नव्हती. तरी काकांनी मागचे ड्रम काढून व्हील सिलेंडरची रबरी टोपी नखाने उचलून पाहिली. कोरडी. मग मास्टर सिलेंडर बूस्टरला जिथे जोडलेला असतो, त्या सांध्याखालून बोट फिरवलं. "इथून गळलं तर तेल बूस्टर पिऊन टाकतो. बाहेर थेंब दिसत नाही." तेही कोरडं.

"आता बसा सर. इंजिन बंद. पाच-सहा वेळा पंप करा, बूस्टरमधला व्हॅक्युम संपू दे. आता पाय ठेवा. दाबू नका, नुसता ठेवा." पेडल उतरू लागलं. "आता जोरात." थांबलं.

मास्टर सिलेंडरच्या आतल्या पिस्टनवर रबरी वायसर असतात. त्यांची कड तेलाच्या दाबानेच भिंतीला घट्ट बसते. दणकून दाबलं की झिजलेली कडही चिकटते आणि ब्रेक टणक वाटतो. हलक्या पायाने दाब कमी पडतो, कड सैल राहते, आणि तेल तिच्या बगलेतून मागे टाकीत परत येतं. म्हणून थेंबही न सांडता पेडल बसतं. गॅरेजमध्ये ब्रेक तपासणारे बहुतेक जण लाथ मारून तपासतात, आणि हा बिघाड नेमका लाथेला दिसत नाही.

काकांचं एवढ्याने समाधान झालं नाही. त्यांनी पत्र्याच्या डब्यातून आटे पाडलेले पितळी बूच काढले, मास्टर सिलेंडरचे पाइप सोडवून त्या जागी घट्ट बसवले. "आता तेलाला चाकाकडे जायला वाटच नाही. पेडल दगड व्हायला पाहिजे." मी पाय ठेवला. पेडल तसंच उतरत गेलं. काका पहिल्यांदाच हसले.

सिलेंडर उघडला तेव्हा आत काळा चिखल होता. वायसरची कड एका बाजूने चकचकीत झालेली, आणि सिलेंडरच्या तळाशी एक बारीक खडबडीत पट्टा. पाणी साचून पडलेला. काकांनी माझं नख त्यावरून फिरवायला लावलं; अडकलं. किट टाकून स्वस्तात भागलं असतं, पण खरबरीत भिंतीवर नवी रबरं टिकत नाहीत. काही जण आत पॉलिश पेपर फिरवतात. ॲल्युमिनियमच्या सिलेंडरवरचा कडक थर त्याने निघून जातो. पूर्ण असेंब्लीच बदलायचं ठरलं.

नवा सिलेंडर आधी व्हाइसमध्ये पकडून, नळ्या पुन्हा त्याच्याच टाकीत सोडून, बुडबुडे संपेपर्यंत पिस्टन हळूहळू दाबला. मग गाडीवर चढवून हवा काढायला मला पेडलवर बसवलं. डावं मागचं चाक आधी, कारण तिथला पाइप सगळ्यात लांब. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, पुस्तकात पाहावं. "दाबा... धरून ठेवा..." निप्पल घट्ट होईपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. "एसटीत हवेवर ब्रेक चालतो, आणि इथे हवाच काढत बसायचं," काका गाडीखालून पुटपुटले. मडगार्डवर सांडलेलं तेल त्यांच्या पोऱ्याने लगेच पाण्याने धुतलं. ब्रेक ऑइल रंग खातं.

पैसे देऊन निघताना तेलाची उरलेली अर्धी बाटली मी उचलली. काकांनी ती हातातून काढून घेतली आणि जळक्या तेलाच्या पिंपात ओतली. "उघडी बाटली इथल्या हवेत ठेवणार? पुढच्या वेळी सीलबंद घ्या." मी म्हटलं, अहो, निम्मी भरलेली होती. "होती," काका म्हणाले आणि पुढच्या रिक्षाकडे वळले.